डिस्टोपिया नक्की कुणाच्या घरात?

पॉल लिंचच्या ‘प्रॉफेट साँग’चा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘हे आपल्याकडेही होऊ शकतं!’ मला या वाक्याचा राग येतो.

कादंबरी जबरदस्त आहे, त्यावर वाद नाही. डब्लिनमध्ये एका संध्याकाळी आयलिश स्टॅकच्या दारावर गुप्त पोलिसांची थाप पडते. शिक्षक संघटनेत काम करणारा तिचा नवरा लॅरी मोर्चाला जातो, तो परत येत नाही. मग कर्फ्यू, मग बॉम्ब. पदरात चार मुलं, त्यातलं एक तान्हं. वडिलांची स्मृती चाललेली. कॅनडातली बहीण सांगत राहते, निघ. पण लॅरी परत आला आणि घर बंद दिसलं तर? पाय निघत नाही. शाळकरी बेली तिला शेवटी शवागारात सापडतो, अंगावर छळाच्या खुणा. लिंच परिच्छेद तोडत नाही, अवतरणचिन्हं देत नाही. तिला उसंत नाही, आपल्यालाही नाही.

पण यातलं कल्पित किती? २०११मध्ये सीरियाच्या दरा भागातल्या १३ वर्षांच्या हमझा अल-खतीबला पकडून नेलं आणि छळाच्या खुणांनी भरलेलं त्याचं प्रेत घरच्यांना परत दिलं. सीरियातलं युद्ध आणि तिथल्या निर्वासितांबद्दलची पाश्चात्त्यांची बेफिकिरी यातून ही कादंबरी सुचली, असं लिंचनेच सांगितलंय. म्हणजे घडून गेलेलं उचललं आणि पत्ता तेवढा बदलला. तेवढ्याने बातमीची ‘डिस्टोपिया’ झाली.

माझं भांडण लिंचशी नाही. माझं भांडण ही युक्ती ज्यांच्यावर लागू पडते, त्या आपल्याशी आहे. खालेद खलिफा हा देश सोडून न गेलेला सीरियन लेखक. त्याच्या ‘डेथ इज हार्ड वर्क’मध्ये तीन भावंडं बापाचं प्रेत गावी पुरायला निघतात. काही तासांचा रस्ता. चेकपोस्टांमुळे तीन दिवस लागतात आणि गाडीत प्रेत सडत जातं. खलिफा ३० सप्टेंबर २०२३ला दमास्कसमध्ये वारला. दोनच महिन्यांत लिंचला बुकर मिळालं. लिंचचं पुस्तक ‘जगाला इशारा’ ठरलं, खलिफाचं ‘सीरियावरची कादंबरी’ राहिलं.

कुणी म्हणेल, स्वतःला त्या जागी ठेवूनच सहानुभूती सुरू होते. मान्य. पण आपण तिथेच थांबतो. आयलिशसाठी रडतो, स्वतःच्या भविष्याची काळजी करतो आणि पुस्तक मिटतो. ज्यांच्यावर हे खरोखर गुदरलं, ते आपल्या भीतीची रंगीत तालीम होऊन राहतात.

‘प्रॉफेट साँग’ जरूर वाचा. पण त्यानंतर लगेच खलिफा वाचा. आणि पोस्ट लिहायला घ्याल तेव्हा ‘होऊ शकतं’ खोडून ‘झालं’ लिहा. कुठे झालं, कुणाचं झालं, तेही लिहा.