मांजर आपलं आपण जगत नाही! समस्त कोल्हापूरकरांना जाहीर आवाहन



गेल्या आठवड्यात रंकाळ्याच्या काठावर चिकटपट्टीने बंद केलेलं एक खोकं सापडलं. आत एक मांजरी आणि तिची पिल्लं. मांजरीच्या गळ्यात घुंगराचा पट्टा होता आणि अंगाला शाम्पूचा वास येत होता. म्हणजे ती भटकी नव्हती. परवापर्यंत ती कुणाच्या तरी सोफ्यावर झोपत होती, कुणाच्या तरी पोरांच्या फोटोत होती. पिल्लं झाली, घरात घाण व्हायला लागली आणि घरच्यांनी खोकं भरलं. हवा जायला त्याला एक भोकसुद्धा पाडलेलं नव्हतं. त्यातली दोन पिल्लं वाचली नाहीत.

त्याच आठवड्यात एका अपार्टमेंटच्या चौथ्या मजल्यावरून एक बोका खाली पडला. घरच्यांनी त्याला दोन दिवस डॉक्टरकडे नेलंच नाही. का, तर "चालतोय की, मांजराला काय होत नसतंय." बोक्याचा जबडा मोडला होता आणि श्वास घ्यायला तो धडपडत होता.

आम्ही शहरातल्या मांजर पाळणाऱ्या कुटुंबांचा एक गट आहोत. हे आवाहन आम्ही रागाने लिहितो आहोत आणि तो राग लपवायची आम्हाला गरज वाटत नाही. खोकं भरणारं घर असो नाहीतर दोन दिवस वाट बघणारं, दोन्हीकडे वाक्य एकच असतं : "मांजराचं काय, ते आपलं आपण जगतंय." आमच्या मते या शहरातल्या पाळीव मांजरांचा सगळ्यात मोठा शत्रू हे वाक्य आहे.

घरात वाढलेलं मांजर आपलं आपण जगत नाही. तुम्ही वाटीत घालाल तेच ते खातं, तुम्ही स्वच्छ ठेवाल त्याच जागी शी-शू करतं, तुम्ही उघडी टाकाल त्या खिडकीतून पडतं. त्याला कुत्र्यापासून पळायचं माहीत नाही, रस्ता ओलांडायचा माहीत नाही. "मटण मार्केटजवळ सोडलंय, तिथं खायला भरपूर" असं समाधानाने सांगणाऱ्यांनी एकदा रात्री अकरा वाजता तिथे जाऊन उभं राहावं. तिथली कुत्री, तिथले जुने बोके आणि मध्ये पोत्याखाली घुसून बसलेलं तुमचं मांजर डोळ्यांनी बघावं. नीट सांभाळलं तर मांजर १२ ते १५ वर्षं जगतं. एवढी वर्षं ज्यांना जमणार नाहीत त्यांनी पिल्लू उचलूच नये. मुलीच्या वाढदिवसाला तर मुळीच नको.

२०२५ च्या जुलैमध्ये नांदणी मठाची माधुरी हत्तीण वनतारा प्राणी केंद्रात नेली, तेव्हा हा अख्खा जिल्हा रस्त्यावर उतरला. गावोगावी सह्या झाल्या, मोर्चे निघाले, म्हाताऱ्या बायकांच्या डोळ्यांत पाणी होतं. ती माया खरी होती, आम्हीही त्यात होतो. मग हत्तिणीसाठी रडणाऱ्या गावात मांजराची पिल्लं खोक्यात भरून टाकली जातात कशी? जगात भारी म्हणवून घेणाऱ्या गावाने याचं उत्तर द्यायला हवं.

कायदाही ऐकून ठेवा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. पाळलेला प्राणी उपाशी मरेल अशा अवस्थेत सोडून देणं हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० ते ५० रुपये, म्हणजे आज एक मिसळसुद्धा येणार नाही. पण मांजराला मारणं, विष घालणं, जायबंदी करणं यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि सजीवांविषयी दयाबुद्धी बाळगणं हे संविधानाने सांगितलेलं मूलभूत कर्तव्य आहे. ते कुठल्या शाळेच्या फळ्यावर लिहून पुसून टाकण्यासाठी नाही.

आता नेहमीचे आक्षेप. मांजर आडवं जातं, अपशकुन होतो. विवेकवादी गोविंद पानसरे यांच्या गावात यावर आम्ही एक ओळही खर्च करणार नाही. मांजराचे केस पोटात गेले की मूल होत नाही, ही भाकडकथा आहे. गरोदर बाई घरात असेल तर मांजर बाहेर काढा, असा सल्ला देणारे शेजारी सगळ्यात जास्त नुकसान करतात. ज्या जंतूची भीती घातली जाते तो मांजराच्या विष्ठेतून आला, तरी किमान एक दिवस गेल्याशिवाय संसर्ग करण्याच्या अवस्थेत येत नाही. म्हणून मांजराच्या शी-शूचा ट्रे रोज साफ करावा, तो नवऱ्याने किंवा सासऱ्याने करावा, मांजराला कच्चं मांस घालू नये आणि हात धुवावेत. एवढं करायचं सोडून मांजराला पोत्यात घालणं हा आळस आहे, त्याला काळजीचं नाव देऊ नका. कुणाला खरोखरच दमा असेल, ॲलर्जी असेल, तर मांजराला दुसरं घर शोधून द्या. आम्ही मदत करतो. रंकाळा हे घर नव्हे.

"मांजर चार पायांवर पडतं" याचं उत्तर मात्र सविस्तर देतो, कारण या समजापायी मांजरं जिवाला मुकतात. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या प्राणी रुग्णालयाने १९८७ साली उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. उपचार मिळालेली बहुतेक वाचली हे खरं; पण त्यांच्या छातीला मार होता, टाळू फाटलेले होते, दात आणि पाय मोडलेले होते. त्यातल्या अनेकांना वाचवायला तातडीचे उपचार लागले होते. ताराबाई पार्क, नागाळा पार्क, राजारामपुरी, जिकडे बघावं तिकडे मजल्यावर मजले चढताहेत आणि गॅलरीत कठड्यावर मांजर बसलेलं असतं. कबुतर दिसलं की ते उडी मारणारच. ते त्याच्या रक्तात आहे.

तर आता काय करायचं ते ऐका. उद्या नको, आज.

१. जाळी. गॅलरीला आणि प्रत्येक उघडणाऱ्या खिडकीला तारेची घट्ट जाळी बसवा. डासांची चिकटवायची जाळी मांजर एका धक्क्यात पाडतं. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी ते कुरतडू शकतं, म्हणून ती लावलीच असेल तर दर आठवड्याला तपासा. खर्चाचं रडगाणं आम्हाला ऐकवू नका. मोडलेल्या जबड्याच्या ऑपरेशनला त्याहून जास्त लागतात.

२. नसबंदी. सगळ्या दुःखाचं मूळ इथे आहे. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. जेमतेम दोन महिन्यांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा माजावर येऊ शकते. वर्षात दोन-तीन वेळा, दर वेळी चार-पाच पिल्लं. हिशेब तुम्हीच करा आणि ती खोकी कुठून येतात ते समजून घ्या. पाचव्या महिन्यापर्यंत डॉक्टरांशी बोलून शस्त्रक्रिया करून घ्या. "एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत" याला वैद्यकीय आधार नाही. बोक्याचीही करा. भिंतीवर फवारे मारणं, रात्रभर ओरडणं, दारातून पळून जाणं बरंच कमी होतं.

३. खाणं. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं म्हशीचं दूध माणसांनी प्यावं. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही, ढाळ लागतात. दूध-भात, दूध-चपातीवर मांजर पोसता येत नाही. ते मुळात मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातूनच मिळतो. तो कमी पडला तर डोळे जातात, हृदय कमजोर होतं. मांजराचं तयार खाद्य द्या, किंवा बिनमिठाची, बिनमसाल्याची, काटे-हाडं काढलेली उकडलेली कोंबडी आणि मासे डॉक्टरांना विचारून द्या. आणि हात जोडून सांगतो, तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातले तुकडे घालू नका. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजलेलं हाड टोकदार फुटतं आणि आतडं फाडतं. प्रेमाने घातलेला घास असला तरी तो विषाचाच घास आहे.

४. विषारी वस्तू. तापाची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारायला पुरते. कुत्र्याच्या गोचिडांचं औषध मांजराला लावू नका. फिनाईलने पुसलेल्या फरशीवरून मांजर चालतं, मग पंजे चाटतं. डांबरगोळ्या कपाटात बंद ठेवा. फुलदाणीतली लिली तर घरात आणूच नका. तिचे परागकण चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. शिवणकामाचा सुई-दोरा आणि पतंगाचा मांजा उघड्यावर ठेवू नका. दोरा गिळला असेल आणि त्याचं टोक बाहेर दिसत असेल, तर तो ओढू नका. तसंच डॉक्टरकडे न्या.

५. लिटर ट्रे. जेवढी मांजरं तेवढे ट्रे, वर एक जास्त. शांत जागी ठेवा, खाण्याच्या वाटीपासून लांब. रोज उपसा. वाळू घाण असेल तर ते गादीवर शू करणारच, आणि मग तुम्ही त्याला झोडपणार. मार खाऊन मांजर फक्त घाबरायला शिकतं.

६. खेळ आणि उंच जागा. रोज सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटं दोरीला बांधलेलं पीस नाचवा. खिडकीपाशी फळी ठोका, नखं घासायला सुतळी गुंडाळलेला खांब द्या. सोफा फाटतो म्हणून ओरडणाऱ्यांनी आधी हा खांब करून बघावा.

७. लस. ८ आठवड्यांचं झालं की पहिली तिहेरी लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने १६ आठवड्यांपर्यंत पुढचे डोस. रेबीजची लस १२ आठवड्यांनंतर, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी. "घराबाहेर जातच नाही" ही सबब चालणार नाही. मांजर चावलं किंवा बोचकारलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात जा. हळद-चुना लावत बसू नका.

८. दुखणं. मांजर दुखणं लपवतं. बोका पुन्हा पुन्हा ट्रेवर बसतोय, कण्हतोय आणि शू होत नाही, असं दिसलं तर त्याच क्षणी उचला. लघवी तुंबून एक-दोन दिवसांत जीव जातो. एक दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. उपाशी मांजराचं यकृत लवकर बिघडतं.

९. आवाज. मिरवणुकीचा डॉल्बी आणि दिवाळीचे फटाके सुरू व्हायच्या आधी मांजराला आतल्या खोलीत घ्या, दारं-खिडक्या लावा, लपायला गोधडी आणि खोकं द्या. घाबरून पळालेलं मांजर शोधताना आमच्या कार्यकर्त्यांनी कित्येक रात्री गल्ल्या पालथ्या घातल्या आहेत.

१०. पूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला पुन्हा तसंच थैमान. त्या वेळी लोक जनावरं सोडवून नेत होते आणि मांजरं माळ्यावर राहून गेली, कारण पुन्हा तेच वाक्य : "ते आपलं आपण जगतंय." आमची पोरं कमरेएवढ्या पाण्यात उतरली, नावेतून गेली आणि माळ्यावरची मांजरं पिशवीत घालून घेऊन आली. कुणाकडून एक पैसा घेतला नाही. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरी, कसबा बावडा इथल्या कुटुंबांनी मांजर न्यायची जाळीची पेटी आजच आणून ठेवावी. ती कपाटात कोंबू नका. घरात उघडी ठेवा, म्हणजे मांजर आत बसायला शिकेल. ३९ फूट झाले की वाट बघायची नाही. तुमच्यासोबत तेही बाहेर पडलं पाहिजे.

सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांनाही एक शब्द. बहुमताने ठराव करून पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, हे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच स्पष्ट केलं आहे. तेव्हा नोटिसा चिकटवू नका. मांजर पाळणाऱ्यांनीही जिन्यात घाण होऊ देऊ नये आणि वापरलेली वाळू ड्रेनेजमध्ये टाकू नये. तुमच्या बेफिकिरीने आमचा लढा बदनाम होतो.

आमच्या गटात शिक्षिका आहेत, रिक्षावाले आहेत, मार्केट यार्डातले हमाल आहेत, कॉलेजची मुलं-मुली आहेत. कुणी पगारी नाही, कुणाचा फलक नाही. आम्ही पिल्लं बाटलीने दूध पाजून जगवतो, घरं शोधून देतो, नसबंदीला नेतो आणि आणतो. पण खोकी भरणारे हजार आणि उचलणारे मूठभर, असं किती दिवस चालणार? पुणे महापालिकेने २०२२ मध्ये पाळीव मांजरांच्या नोंदणीचा निर्णय घेतला. कोल्हापुरातही मांजरांची नोंदणी आणि स्वस्तात नसबंदी व्हावी, यासाठी आम्ही महापालिकेला निवेदन देणार आहोत. त्यावर तुमची सही हवी.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता बिंदू चौकात या. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी यावंच. ज्यांनी कधी काळी मांजर सोडून दिलं आहे त्यांनीही यावं. त्यांना आम्ही टोचून बोलणार नाही, कामाला लावू. येताना जुनी जाळी, टोपल्या, टॉवेल, जे असेल ते घेऊन या. आणि पुढच्या वेळी कुणी तुमच्यासमोर म्हणालं की मांजर आपलं आपण जगतंय, तर गप्प बसू नका. त्याला तिथेच अडवा.

आपले,
मांजर पाळणाऱ्या कुटुंबांचा गट, कोल्हापूर