पिकअप बदलण्याआधी जोडणी तपासा

इलेक्ट्रिक गिटारला नवा पिकअप बसविला आणि आवाज पातळ, नाकातून निघाल्यासारखा येऊ लागला की गिऱ्हाईक दुकानात परत येते. त्याला पुष्कळदा एकच जबाब मिळतो, 'पिकअप खराब निघाला, दुसरा घ्या.' हा जबाब बहुतेक वेळा चुकीचा असतो. जाणूनबुजून दिला असेल तर ती सरळ बेइमानी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वाद्यांचा धंदा करावा की नाही, हा सवाल उलेमांचा आहे, तो आम्ही येथे घेत नाही. पण मिरजेत सतार-तंबोरा बनविणारी आपली शिकलगार घराणी पिढ्यान्‌पिढ्या या कामात आहेत. २०२४ साली तेथील सतार व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत यंत्रमागाच्या मोटारी रिवाइंड करणारे कारागीर आहेत. गिटारच्या पिकअपचे काम या दोन हुनरांच्या बरोबर मध्ये बसते.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या वायरचे सात-आठ हजार वेढे. वर पोलादी तार हलली की कॉइलमध्ये किंचित वीज निर्माण होते, तीच पुढे आवाज होते. मोटारीच्या तीन फेजपैकी दोन वायरी अदलाबदल केल्या की मोटार उलटी फिरते, हे मागवाल्याला सांगायला नको. पिकअपच्या दोन वायरी उलट लागल्या तरी तो एकटा ठीकच वाजतो, कानाला काही कळत नाही. दुसऱ्या पिकअपबरोबर लावला की मग दोघे एकमेकांना कापतात, खर्जाचा भरणा जातो आणि उरतो तो पोकळ आवाज. म्हणून पहिला सवाल हा विचारावा की, प्रत्येक पिकअप एकेकटा कसा वाजतो? एकेकटे दोन्ही चांगले आणि एकत्र वाईट, तर पिकअप खराब नाही, जोडणी उलटी आहे.

येथे ओहम मीटरवर भिस्त ठेवणारा फसतो. साधा एका कॉइलचा पिकअप सुमारे सहा हजार ओहम दाखवितो, दोन कॉइलचा सात ते नऊ हजार. वायर तुटली असेल तर मीटर सांगेल. फेज उलटी असेल तर आकडा तोच राहील. त्यासाठी काट्याचे मीटर सर्वांत लहान डीसी रेंजवर ठेवावे, पिकअपवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून झटकन उचलावा आणि काटा कोणत्या बाजूला उडतो ते पाहावे. दोन्ही पिकअपचा काटा एकाच बाजूला उडाला पाहिजे. नसेल तर एकाच्या दोन वायरी बदलाव्यात. मात्र पिकअपवर धातूचे झाकण असेल आणि ते त्यातल्याच एका वायरीला जोडलेले असेल, तर आधी झाकणाचे अर्थिंग वेगळे करावे, नाहीतर फेज सुधारेल आणि गुणगुण वाढेल.

वायरींच्या रंगांचे तर विचारूच नका. कापडात एका मिलचा शेड नंबर दुसऱ्या मिलच्या कार्डावर लावून माल मागविणारा व्यापारी आपण शहाणा म्हणणार नाही. येथे तसेच आहे. सेमूर डंकनच्या चार वायरी पिकअपमध्ये काळी वायर आवाजाची. डिमार्झिओमध्ये आवाजाची लाल, आणि काळी ही पांढरीला जोडायची. गिब्सनमध्ये काळी अर्थिंगची. एका कंपनीचा नकाशा दुसरीच्या मालाला लावला की घोटाळा ठरलेलाच.

दुसरी बाजूही आहे. विचित्र आवाज म्हणजे दोषच, असे नाही. ब्रायन मे यांनी वडिलांबरोबर बनविलेल्या गिटारमध्ये प्रत्येक पिकअपची फेज उलटविण्याचे बटण मुद्दाम ठेवले आहे. १९५४ च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरला तीन जागांचा स्विच होता. वादक तो दोन जागांच्या मध्ये अडकवून आवाज काढू लागले, तेव्हा १९७७ मध्ये कंपनीनेच पाच जागांचा दिला. त्या मधल्या आवाजाला लोक 'आउट ऑफ फेज' म्हणतात. तो तसा नसतो, दोन पिकअप सरळच जोडलेले असतात. गिऱ्हाईकाने तो शब्द वापरला म्हणून वायरी उलटवीत बसू नये. आधी वाजवून दाखवायला सांगावे.

मिरजेच्या मंडळींना एक गोष्ट वेगळी सांगावीशी वाटते. गिटारचा चुंबकी पिकअप सतारीखाली लावला तर पोलादी बाजाची तार ठणठणीत बोलेल, आणि पितळ-काशाच्या जोड व खर्जाच्या तारा मुक्या राहतील. चुंबक त्यांना ओळखतच नाही. त्यात वायरिंगचा काही दोष नाही. तेथे लाकडाची थरथर पकडणारा पिझो पिकअपच हवा.

मालातला ऐब सांगून माल विकावा, ही आपल्या दीनची शिकवण. मग नसलेला ऐब सांगून नवा माल गळ्यात मारणे कोणत्या खात्यात जमा होईल? तपासणीची मजुरी वेगळी लावावी, बिलावर तसे लिहावे. डोक्याच्या कामाचे पैसे मागण्यात लाज नाही. पिकअप खरोखर बदलावा लागलाच तर जुना गिऱ्हाईकाचा आहे. तो कागदात गुंडाळून, कोणती वायर कुठे होती ते त्यावर लिहून परत द्यावा.