सायकलची लाज कशाला?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सरकारी कचेरीत नोकरी करणारे पंचेचाळिशीचे एक गृहस्थ रक्ततपासणीचा कागद घेऊन माझ्यासमोर बसले होते. साखर वाढलेली, रक्तदाब काठावर, पोट सुटलेले. मी नेहमीप्रमाणे सांगितले, "रोज अर्धा तास चालत जा." ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सकाळी पाणी भरायचे, मुलांना शाळेत सोडायचे, मग ऑफिस. वेळ कुठून काढू?" मी म्हटले, "मग ऑफिसलाच सायकलने जा. पिंप्राळ्याहून जेमतेम चार किलोमीटर." त्यावर त्यांनी शांतपणे विचारले, "तुम्ही कशाने येता?"

माझी मोटार दारातच उभी होती. माझेही घर पिंप्राळ्यात, दवाखाना जळगाव शहरात, अंतर तेवढेच. शिवाय टेबलाच्या खणात माझाच रिपोर्ट पडलेला होता. गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारी एच.बी.ए.वन.सी. ही तपासणी 6.3 आली होती. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, 6.5 पासून पुढे मधुमेह. त्या गृहस्थांना मी काही उत्तर देऊ शकलो नाही. पुढच्या रविवारी मात्र माळ्यावर धूळ खात पडलेली मुलाची सायकल खाली उतरवली.

वाचकहो, आपण सायकल सोडली ती अंतरामुळे नव्हे, लाजेमुळे, असे माझे स्पष्ट मत आहे. एकेकाळी लग्नात जावयाला सायकल, घड्याळ आणि रेडिओ मिळाला की तो गावभर मिरवत असे. आज तीच सायकल गरिबीची खूण ठरली आहे. मी सायकलवर दिसू लागलो तेव्हा शेजारी म्हणाले, "डॉक्टर, गाडी बिघडली वाटतं?" एका जुन्या पेशंटने तर कंपाउंडरला बाजूला घेऊन दवाखाना नीट चालतो ना, याची चौकशी केली! पंधरा दिवस लोक बोलले, नंतर विसरले. इन्शुलिनची सुई मात्र पंधरा दिवसांत विसरता येत नाही.

आता हिशेब पाहू. सावकाश, म्हणजे ताशी बारा किलोमीटरने गेले तरी चार किलोमीटरला वीस मिनिटे लागतात. जाऊन-येऊन चाळीस, आणि आठवड्याचे पाच दिवस धरले तर दोनशे मिनिटे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम करायला सांगते. म्हणजे वेगळा वेळ न काढता, जिमची फी न भरता काम झाले!

कामातच व्यायाम असला की हृदयाला फायदा होतो, ही गोष्ट नवी नाही. लंडनमधील दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास डॉ. जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी 1953 साली प्रसिद्ध केला. दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला होता. 2017 साली ब्रिटनमधील अडीच लाखांहून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. कामावर सायकलने जाणाऱ्यांत मृत्यूचा धोका, मोटारीने किंवा बस-रेल्वेने जाणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे 41 टक्क्यांनी कमी दिसला. अर्थात ही पाहणी आहे. सायकलवाले मुळातच थोडे निरोगी असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे.

सुरुवात कशी करावी? पहिली गोष्ट, घाई नको. रविवारी सकाळी, रस्ते मोकळे असताना, घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंत एकदा जाऊन या. किती वेळ लागतो, खड्डे कुठे आहेत, कोणता चौक वाईट आहे, हे कळते. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनच दिवस जा, मग तीन. पहिल्याच सोमवारी शर्यत लावणारे बुधवारी मांड्या चोळत घरी बसतात.

नवी सायकल घेण्याचीही गरज नाही. घरातलीच दुकानात नेऊन ब्रेक, साखळी आणि टायर-ट्यूब पाहून घ्या. हवा पुरेशी भरा, कमी हवेची सायकल फार दमवते. सीटची उंची नीट ठेवा. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला असावा. "सायकलने गुडघे दुखतात" म्हणत येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची सीट फार खाली असते. पुढे दिवा, मागे लाल दिवा, अंगात उजळ रंगाचा शर्ट आणि डोक्यावर हेल्मेट असू द्या. घामाची काळजी वाटत असेल तर दहा मिनिटे लवकर निघा आणि एक शर्ट पिशवीत ठेवा.

आपल्याकडचा उन्हाळा वेगळा. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो, तेव्हा भर उन्हात सायकल हाणणे हा व्यायाम नव्हे, उष्माघाताला आमंत्रण आहे. त्या दिवसांत सकाळी लवकर जाणे आणि ऊन उतरल्यावर परतणे जमत असेल तरच सायकल काढा, नाहीतर जून उजाडू द्या. पावसात काळ्या मातीचा राडा रस्त्यावर येतो आणि चाक घसरते. वेग कमी ठेवा.

चढावर किंवा भरभर चालताना छातीत दुखत असेल, दम लागत असेल किंवा चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना भेटून कार्डिओग्राम काढावा. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये, खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी. हातपाय थरथरले, दरदरून घाम फुटला तर तिथेच थांबून ती तोंडात टाकावी.

राहिला प्रश्न रस्त्याचा. शहरातून जाणाऱ्या महामार्गावर ट्रकच्या शेजारून सायकल चालवा, असा सल्ला मी कोणालाही देणार नाही. दहा मिनिटे जास्त लागली तरी वस्तीतल्या रस्त्याने जावे. समांतर रस्त्यांसाठी जळगावकरांनी वर्षानुवर्षे मागणी केली, आंदोलने केली. सायकलस्वाराला निर्धोक कडा मिळणे हा माझ्या दृष्टीने आरोग्याचाच प्रश्न आहे. गोळी मी लिहून देऊ शकतो, रस्ता लिहून देता येत नाही. तो नगरसेवकांकडे मागितलाच पाहिजे.

माझी साखर आता 5.8 आहे. सारे श्रेय सायकलचे नाही, ताटातली एक पोळी आणि चहातली साखरही कमी केली. पण ती कमी करण्याचे बळ सायकलनेच दिले, हे नक्की.

ते गृहस्थ अजूनही मोटारसायकलवरच येतात. मागच्या महिन्यात त्यांची गोळी मला वाढवावी लागली. हा लेख त्यांच्या वाचनात येईल, अशी आशा आहे. साहेब, आता मी सायकलने येतो. रविवारी सकाळी सहा वाजता निघू, सोबतीला मी आहे.