फ्लॉवरच्या बियाण्यावर हक्क कुणाचा?

गणपतीच्या दिवसांत मंडईत फ्लॉवर मिळतो, याचे आज कुणाला नवल वाटत नाही. भाव जास्त असतो, गड्डा लहान असतो, पण मिळतो. बागवान पाट्या उतरवतो, हॉटेलवाला पोत्याने उचलतो, आपण पावशेर घेतो. मुळात ही भाजी थंड हवेची. युरोपातल्या जातींना गड्डा धरायला साधारण १० ते १६ अंश तापमान लागते. ऊन वाढले की एकतर गड्डा धरतच नाही, किंवा धरला तर त्यातून पाने फुटतात, तो भुसभुशीत आणि पिवळट होतो. मग २० ते २७ अंशांत गड्डा धरणारा फ्लॉवर आला कुठून?

कोणत्याही प्रयोगशाळेतून नाही. तो उत्तर भारतातल्या भाजीवाल्या शेतकऱ्यांनी घडवला. ही गोष्ट आपल्याला माहीत असायला हवी, कारण आज ज्या वाटेने ती घडली, तीच वाट बंद होत चालली आहे.

सहारनपूरला फरहत बख्श नावाची जुनी बाग होती. ती ईस्ट इंडिया कंपनीने ताब्यात घेतली आणि तिची कंपनी बाग झाली. तिथले डॉ. जेमसन यांनी १८२२ साली इंग्लंडहून फ्लॉवरचे बी आणवले. साहेबांच्या जेवणासाठी आलेली ही भाजी हळूहळू आसपासच्या मळ्यांत गेली. शेतकरी आपल्याच मळ्यात बी धरू लागले, आणि तिथून खरे काम सुरू झाले.

हे काम समजायला सोपे आहे. शंभर रोपे लावली. उन्हात ऐंशी रोपांना गड्डाच आला नाही, वीसांना आला. त्या वीसांतले चांगले पाच राखले. गड्डा फुटून दांडे आले, फुले आली, मधमाश्यांनी पराग इकडून तिकडे नेला, शेंगा भरल्या. पुढच्या वर्षी तेच बी पेरले आणि पुन्हा निवड केली. जे रोप उन्हाला टिकले नाही त्याचा वंश तिथेच संपला. असे शंभर वर्षे चालले. १९२९ पर्यंत सटन कंपनीच्या बियाणे यादीत बनारस आणि पाटण्याच्या नावाचे लवकर येणारे फ्लॉवर दिसू लागले होते. शास्त्रज्ञ आज त्यांना ‘भारतीय फ्लॉवर’ असा वेगळा गट मानतात. दिल्लीच्या पुसा संस्थेने पुढे दिलेले पुसा दीपाली, पुसा मेघना यांसारखे लवकरचे वाण याच गटातले.

या निवडीत आत काय बदलत होते, ते आता जनुकशास्त्र सांगते. कोबीवर्गीय पिकांत एफएलसी नावाची जनुके फुलोऱ्याला ब्रेक लावून ठेवतात. थंडी पडून गेली की हा ब्रेक सुटतो. फ्लॉवरमध्ये यांपैकी एका जनुकाची निकामी प्रत असली की गड्डा लवकर धरतो, असे संशोधनात आढळले आहे. पण एका जनुकावर काम भागत नाही. गड्डा घट्ट राहणे, पांढरा राहणे, उन्हात पराग जिवंत राहणे, हे सगळे अनेक जनुकांच्या मेळाने ठरते, आणि प्रत्येकाचा वाटा थोडा थोडा असतो. म्हणून उष्णता सोसण्याचा गुण एका झटक्यात आणता येत नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या जमवावा लागतो. शेतकऱ्यांनी जनुक हा शब्द न ऐकता तो जमवला.

हे शेतकरी कोण होते? गंगेच्या मैदानात भाजीपाला हे कोइरी, काछी, राईन अशा समाजांचे पिढीजात काम. राईन मुसलमान, बाकीचे हिंदू. मळे शेजारी, बाजार एक, पाटाचे पाणी एक. फ्लॉवरच्या परागाने बांध ओलांडताना कुणाचा धर्म विचारला नाही. त्यांची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत. उत्तर भारतात राईन, तसे आपल्याकडे बागवान. समाजाच्या प्रश्नांवर आपण बोलतो तेव्हा पोशाख, तलाक, दंगल यांवर बोलतो. ते बोललेच पाहिजे. पण आपल्यातले हजारो लोक भाजीवर जगतात आणि त्या भाजीच्या बियाण्याचे काय चालले आहे, यावर आपल्या सभांत शब्द निघत नाही.

चालले आहे ते असे. बाजारात संकरित वाण आले. त्यांचे बी पुन्हा पेरले तर पुढची पिढी एकसारखी निघत नाही, हे शेतकऱ्याला माहीत असते. फ्लॉवरमध्ये गोष्ट आणखी पुढे गेली आहे. अनेक संकरित वाणांत आता नरवंध्यत्व घातलेले असते. ओगुरा या जपानी संशोधकाने १९६८ साली मुळ्यात नोंदवलेला हा गुण कोबी-फ्लॉवरमध्ये उतरवला गेला. तो आईकडूनच येतो. अशा रोपाला फुले येतात, पण त्यांत पराग नसतो. कंपनीला यामुळे संकरित बी करणे सोपे जाते. आपण गड्डा खातो, बी खात नाही, म्हणून पिकाचे काही अडत नाही. पण शेतकऱ्याने पाच चांगली रोपे बियाण्यासाठी राखली तर त्यांना आपापसात शेंगा धरत नाहीत. शेजारच्या दुसऱ्या वाणाचा पराग लागून बी आलेच, तर तेही पुन्हा नरवंध्य.

२००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ ने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचाही हक्क दिला आहे. कायद्याने दिलेला हक्क फुलातच काढून घेतला तर तो कागदावरच राहतो.

संकरित वाण वाईट, असे माझे म्हणणे नाही. गड्डे एकसारखे येतात, एका वेळी काढणीला येतात, गाडी भरते. शेतकरी ते घेतो, कारण त्याला हिशोब कळतो. तो मूर्ख नाही. जनुकशास्त्रालाही माझा विरोध नाही. उलट कोणते जनुक काय करते हे कळले तर शंभर वर्षांची निवड दहा-पंधरा वर्षांत होऊ शकेल. प्रश्न एवढाच की ते ज्ञान कुणाच्या बियाण्यात जाणार. ऊन वाढत आहे. २०२२ चा मार्च हा देशातला १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च होता. पुढच्या शेतकऱ्याला पुन्हा निवड करावीच लागेल, आणि तेव्हा त्याच्या हातात पराग असलेले बी लागेल.

म्हणून मागण्या साध्या आहेत. सरकारी संस्था आणि कृषी विद्यापीठांनी उष्णता सोसणारे सरळ वाण काढत राहावे आणि त्यांचे शुद्ध बी दरवर्षी पुरेसे उपलब्ध करावे. संकरित बियाण्याच्या पाकिटावर वाण नरवंध्य आहे की नाही, हे मराठीत छापणे सक्तीचे करावे. निवडीचे काम शेतकऱ्यांच्या मळ्यात, त्यांना सोबत घेऊन व्हावे. आणि याच कायद्याच्या कलम ४१ नुसार गावसमूहांना वाण घडवण्यातल्या आपल्या वाट्याचा दावा करता येतो, तो करायला संघटनांनी मदत करावी. बागवान, माळी, मराठा, राईन, कोइरी असे सगळे या मागणीत एकत्र येऊ शकतात, कारण तोटा सगळ्यांचा एकच आहे.

सुरुवात आपल्या मोहल्ल्यापासून करता येईल. पुढच्या बैठकीला एका बागवानाला आणि एका भाजीवाल्या शेतकऱ्याला बोलवा. त्यांना विचारा, तुमच्या वडिलांनी शेवटचे घरचे बी कधी पेरले होते? त्यांचे उत्तर ऐकून मगच ठराव लिहायला घ्या.