रोजची डोकेदुखी : गोळी घेण्याआधी कारण शोधा



या सदरात आपण एरवी बियाणे, खते, कीड-रोग यांविषयी बोलतो. आज थोडा निराळा विषय घेतला आहे. गावोगावी शिवारफेरीला गेलो की पिकाची चौकशी संपल्यावर एक तक्रार हमखास कानावर येते, "साहेब, डोके रोज दुखते." कधी घरधनी सांगतो, पण बहुधा सांगते ती घरची बाई, तीही मी निघता निघता, दारात उभी राहून. मी डॉक्टर नाही, तेव्हा औषध सांगणार नाही. पण कारण कसे शोधावे हे आम्हा शेतीखात्यातील माणसांना जन्मभर करावे लागते. शिवाय रोजच्या डोकेदुखीची काही कारणे थेट आपल्या शेतात आणि स्वयंपाकघरात असतात. त्यांविषयी बोललेच पाहिजे.

पीक पिवळे पडले म्हणजे घाईचा माणूस युरियाची गोणी उचलतो. जाणता माणूस आधी खाली बसून पाने पाहतो. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली असतील तर नत्र कमी पडले. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोहाची कमतरता. रान सखल असेल आणि रोप उपटल्यावर मुळ्या कुजलेल्या निघाल्या तर पाण्याचा निचरा नाही. लक्षण एक, पण कारणे तीन आणि उपायही तीन. डोकेदुखीचेही तसेच आहे. दुखते डोके, पण मूळ कोणाच्या मानेत असते, कोणाच्या रक्तात, कोणाच्या चुलीत, तर कोणाच्या फवारणी पंपात.

आधी धोक्याच्या खुणा

काही डोकेदुखीत शोध घेत बसायला वेळ नसतो. पुढील खुणा घरातील सर्वांनी पाठ कराव्यात. जन्मात कधी दुखले नाही असे डोके एकाएकी फुटल्यासारखे दुखू लागणे. तापाबरोबर मान ताठणे. डोकेदुखीबरोबर हात-पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, झटके येणे किंवा भान हरपणे. डोक्याला मार लागल्यानंतर दुखणे वाढत जाणे. डोळा लाल होऊन नजर एकदम मंद होणे. गरोदर बाईचे डोके जोराने दुखत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, तोंडा-हातावर सूज असेल, तर तिचा रक्तदाब त्याच दिवशी मोजला पाहिजे. अशा वेळी देवऋषी, लेप, अंगारा यांत घटका घालवू नका. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा आणि दवाखाना गाठा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच अशी डोकेदुखी सुरू झाली किंवा दर आठवड्याला ती वाढतच चालली, तरीही डॉक्टरांना लवकर दाखवा.

एक वही घाला

यांपैकी काही नसेल आणि तरी डोके रोज दुखत असेल, तर शाळेच्या मुलाची एक जुनी वही घ्या. दुखणे कधी सुरू झाले, कधी थांबले, त्या वेळी कोठे होतो, काय काम चालले होते, सकाळपासून काय खाल्ले-प्याले, रात्री झोप किती झाली, गोळी घेतली का, एवढे रोज लिहा. बायकांनी पाळीची तारीखही लिहावी. लिहिता येत नसेल तर लेकरांकडून लिहून घ्या. महिनाभराची वही डॉक्टरांपुढे ठेवली की त्यांचे निम्मे काम होते. मातीची तपासणी केल्याशिवाय खताची मात्रा ठरत नाही, तसेच हे आहे.

फवारणीचा दिवस आणि डोके

वही घेऊन पहिल्यांदा पाहायचे ते हे, की फवारणीच्या तारखा आणि डोकेदुखीच्या तारखा जुळतात का. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, ॲसिफेट ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके आहेत. आपल्या नसांचे काम नीट चालवणारे कोलिनेस्टरेज नावाचे द्रव्य अंगात असते, ते ही औषधे निकामी करतात. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, घाम फुटणे, तोंडाला लाळ सुटणे, नजर धूसर होणे ही त्याची लक्षणे. हे द्रव्य पूर्ववत भरून यायला कित्येक आठवडे लागू शकतात. म्हणून आज थोडे, परवा थोडे असे विष अंगात जात राहिले तर एका दिवशी फार न जाताही माणूस आजारी पडतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली आणि २० हून अधिक माणसे दगावली, हे आपण विसरता कामा नये.

डब्यावरील त्रिकोण पाहण्याची सवय लावा. लाल सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. वाऱ्याकडे पाठ करून फवारा. भर उन्हात आणि डोक्यापेक्षा उंच पिकात फवारणी टाळा. हातमोजे, चष्मा, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा वापरा. तोंडाला बांधलेला पंचा औषधाने ओला झाला की तोच विष नाकाशी धरून ठेवतो. नोझल तोंडाने फुंकू नका. मध्येच विडी ओढणे, तंबाखू मळणे नको. चार औषधे एका पंपात मिसळू नका. काम संपताच साबणाने अंघोळ करा.

भगिनींसाठी हे वेगळे सांगतो. पुष्कळ घरांत पंप मारतो पुरुष, पण औषधाचे पाणी कालवते बाई, फवारलेल्या रानात दुसऱ्या दिवशी निंदायला जाते बाई आणि ते कपडे हाताने चोळून धुते तीही बाईच. मग डोके तिचे दुखते आणि फवारणीचा संशय कोणालाच येत नाही. फवारणीचे कपडे वेगळे ठेवा, हातमोजे घालून वेगळे धुवा. औषधाचे डबे निजायच्या खोलीत ठेवू नका. लक्षणे दिसली तर डबा किंवा त्यावरील चिठ्ठी घेऊनच दवाखान्यात जा, कारण त्यावर उताराही छापलेला असतो.

चूल, शेगडी आणि धूर

घरातील दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखते आणि ओसरीवर येऊन बसले की उतरते, अशी नोंद वहीत सापडली तर चुलीकडे पाहा. अर्धवट जळणाऱ्या लाकडातून, कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्त जो प्राणवायू वाहून नेते त्याची जागा तो बळकावतो. थंडीत दारे-खिडक्या लावून खोलीत शेगडी पेटती ठेवून निजणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. बंद खोलीत डिझेल इंजिन चालवणेही तसेच. स्वयंपाकघराला धुराडे आणि समोरासमोर वारा खेळेल अशी खिडकी असावी.

पाणी, न्याहारी आणि झोप

चैत्र-वैशाखात दुपारी दुखणारे डोके बहुधा तहानेचे असते. बैल तहानला की आपण ओळखतो, स्वतःची तहान मात्र विसरतो. शेतात जाताना पाण्याची कळशी बरोबर न्या आणि तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पीत राहा. बायका शेतात आडोसा नसतो म्हणून मुद्दाम पाणी कमी पितात. हे घरच्या पुरुषांनी समजून घेऊन बांधावर आडोसा करून द्यावा. फुटक्या गोणपाटाचा चालेल. सकाळी नुसत्या चहावर दुपारपर्यंत राबणे, आठवड्यात दोन-तीन उपास आणि शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत येते म्हणून होणारी जागरणे, यांनीही डोके धरते. रात्री पाणी दिले असेल तर दिवसा थोडी झोप घेणे आळस समजू नका.

रक्त, डोळे, मान

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. थकवा, धाप आणि डोकेदुखी ही त्याची लक्षणे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घ्याव्यात, आणि त्या चहाबरोबर घेऊ नयेत. चहाने लोह अंगी लागत नाही. चाळिशीनंतर सुईत दोरा ओवताना, तांदूळ निवडताना डोके दुखत असेल तर डोळे तपासा. साध्या चष्म्याने भागते. १६ लिटरचा भरलेला पंप पाठीवर आणि हंड्यावर हंडा डोक्यावर घेणाऱ्यांच्या मानेचे स्नायू आखडतात आणि दुखणे मानेतून वर चढते. ओझे कमी करा, मध्ये विसावा घ्या, मान शेका. रक्तदाब वाढला म्हणजे डोके दुखतेच असे नाही, पुष्कळांना काहीच जाणवत नाही. म्हणूनच तो डोके न दुखतासुद्धा मोजून घ्यावा.

गोळीच दुखणे देते तेव्हा

आता सर्वांत महत्त्वाचे. किराणा दुकानातून गोळी आणून खाल्ली की तासाभरात बरे वाटते. दुसऱ्या दिवशी पुन्हा दुखते, पुन्हा गोळी. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि दोन-तीन औषधे एकत्र असलेली गोळी १० किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली गेली तर गोळ्यांमुळेच रोजची डोकेदुखी जडू शकते. शिवाय काही वेदनाशामक गोळ्यांनी जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडे बिघडतात. मिश्रीचा आणि चहाचा प्रकार असाच. वेळ चुकली की डोके धरते, म्हणून पुन्हा तेच. चहा हळूहळू कमी करा, मिश्री मात्र सोडाच.

एका कापूस पिकवणाऱ्या गावातील बाईंचे उदाहरण सांगतो. वय बेचाळीस, दोन वर्षे रोज डोकेदुखी. घरात सगळ्यांचा समज की काम टाळायचे निमित्त आहे. नववीतल्या मुलीने महिनाभर वही लिहिली. ३० पैकी २६ दिवस डोके दुखले होते, २२ दिवस गोळी घेतली होती, दुपारपर्यंत पोटात बहुधा चहाच होता, आणि फवारणीचे कपडे धुतलेल्या दोन्ही दिवशी मळमळ लिहिलेली होती. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन ८ निघाले. डॉक्टरांनी रोजची गोळी बंद करून लोह सुरू केले. पहिले आठ-दहा दिवस फार वाईट गेले. शेजारणी म्हणू लागल्या की डॉक्टरने दुखणे वाढवून ठेवले. गोळी सुटताना असे होते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते, म्हणून घर टिकून राहिले. तीन महिन्यांनी डोकेदुखी महिन्यात सहा दिवसांवर आली. राहिलेली अर्धशिशी निघाली आणि तिचे औषध वेगळे सुरू झाले. त्यांचे मालक आता फवारणीचे कपडे स्वतः धुतात. बाई मला म्हणाल्या, "डोके थांबले ते बरेच झाले, पण मी खोटे बोलत नव्हते हे घरच्यांना पटले, त्याने जास्त बरे वाटले."

समूळ जात नाही तेव्हा

एका बाजूने ठणकणारी, मळमळ आणणारी, उजेड आणि आवाज सहन न होऊ देणारी अर्धशिशी पुष्कळदा आयुष्यभर सोबत करते. बायकांत ती पुरुषांपेक्षा जास्त आढळते. पण तिचे दौरे कमी करणारी औषधे डॉक्टर देऊ शकतात. दौरा आला की अंधाऱ्या खोलीत तासभर पडू द्यावे, घरच्यांनी आवाज कमी करावा. वेळेवर जेवण आणि वेळेवर झोप हा तिचा निम्मा उपचार आहे.

कर्ज, मुलीचे लग्न, पडलेले भाव यांच्या काळजीनेही कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखे डोके दुखते. ते दुखणे खरेच असते, त्याला थोतांड म्हणू नका. मन मोकळे करायला माणूस नसेल तर १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते, त्याला पैसे पडत नाहीत.

तेव्हा या आठवड्यात एवढे करा. घरात कोणाचे डोके वारंवार दुखते ते विचारा, विशेषतः जी सांगत नाही तिला. तिच्या नावाने वही घाला आणि महिना संपला की ती घेऊन आरोग्य केंद्रात जा. धोक्याची खूण दिसली तर मात्र वहीसाठी थांबू नका.

तूर्त इतकेच. पुढच्या खेपेला रब्बीच्या बीजप्रक्रियेविषयी बोलू.