पहिलटकरणीजवळ कोण बसणार?



गोठ्यातली पहिलारू गाय व्यायला आली की आपण काय करतो? रात्रभर बॅटरी घेऊन जवळ बसतो. घाई करत नाही. वार पडेपर्यंत हलत नाही. मी शेतकी कॉलेजात शिकलो तेही हेच.

आणि घरची लेक पहिल्या बाळंतपणाला दवाखान्यात गेली की? ती आत एकटी, आई दाराबाहेर, नवरा कापूस वेचणीवर नाहीतर चहाच्या टपरीवर. माझ्या पत्नीच्या वेळी मीही टपरीवरच होतो. ती नंतर एवढंच म्हणाली, "कळा सोसल्या, पण काही विचारायला जवळ कुणी नव्हतं."

आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मुलगा झाला. औषधपाण्याअभावी तो दहा दिवसांत गेला. त्या दुःखातून उठून त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. आज डॉक्टर आहेत, दवाखाने आहेत. पण पहिलटकरीण एकटीच आहे.

हे नुसतं मायेचं बोलणं नाही. २६ चाचण्यांत, १५ हजारांहून अधिक बायांवर हे तपासलं गेलं. शेवटपर्यंत कुणी जवळ असलं तर बाळंतपण थोडं लवकर उरकतं आणि सिझर कमी होतात. केंद्र सरकारनेही २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी सोबतीणीला परवानगी दिली. बाळंतपण अनुभवलेली नात्यातली बाई असावी. हा उपकार नव्हे. दारात अडवलं तर शांतपणे, पण ठाम मागा.

पहिल्या खेपेला वेळ लागतो, हे सासूने आणि नवऱ्याने आधी समजून घ्यावं. गर्भाशयाचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंत किती तास जातील याला नेम नाही. पुढेही बारा तास लागू शकतात. तोवर तिला चालू द्या. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर पाणी, पेज द्या. कंबर चोळा. "ओरडू नको" म्हणू नका. लवकर सुटावी म्हणून गावात कळांचं इंजेक्शन देऊ नका, पोट दाबू देऊ नका. त्यात आई आणि बाळ दोघांचाही जीव जाऊ शकतो.

मात्र रक्त जाऊ लागलं, झटके आले, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, पाणी हिरवट गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर क्षणभर थांबू नका. १०८ला फोन करा. एरवी न्यायला-आणायला १०२ आहे. २०११च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे सरकारी दवाखान्यात प्रसूती, सिझर, औषधं, रक्त, जेवण सगळं फुकट आहे.

पण सोयगाव-कन्नडच्या डोंगरपट्ट्यातून घाटी दवाखान्यापर्यंतचा रस्ता लांब आहे. सरकारी गाडी वेळेवर येईलच, असं धरून चालू नका. म्हणून आठव्या महिन्यातच दोन गोष्टी ठरवा : अडीनडीला गाडी कुणाची, आणि आत सोबत कोण जाणार.

सरकी पेरायच्या आधी आपण बी, खत, बैल सगळं जुळवतो. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला तेवढी तरी तयारी नको? पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने याचं उत्तर आणावं.