ठिपके वाढले, तरी चित्र तसंच!



आई किंवा ताई दारापुढे ठिपक्यांची रांगोळी काढते, तेव्हा तुम्ही नीट पाहिलंय का? पाच बाय पाच ठिपक्यांत फार तर एक फूल बसतं. पंधरा बाय पंधरा ठिपके घातले, तर मोर येतो, पिसारा येतो आणि पिसाऱ्यातला डोळासुद्धा येतो. जितके ठिपके जास्त, तितकं चित्र बारीक. टीव्हीचं चित्रही असंच ठिपक्यांचं असतं बरं का!

आपल्याकडच्या साध्या चित्रात, म्हणजे एसडीत, एका ओळीत ७२० ठिपके आणि अशा ५७६ ओळी असतात. करा बरं गुणाकार! उत्तर आलं ४,१४,७२०. फुल एचडी चित्रात एका ओळीत १९२० ठिपके आणि ओळी १०८०. हा गुणाकार होतो २०,७३,६००. आता मोठ्या संख्येला लहान संख्येने भागा. बरोबर पाचपट! म्हणून तर एचडीत क्रिकेटच्या चेंडूची शिवणसुद्धा दिसते.

ही कल्पना तशी जुनी आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानच्या एनएचके या संस्थेने तिच्यावर संशोधन सुरू केलं. आपल्या दूरदर्शनने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धा एचडीत दाखवल्या.

आता एक गंमत ऐका. आमच्या शाळेतल्या एका मुलाकडे दिवाळीला हप्त्यांवर ४३ इंची टीव्ही आला. दुसऱ्या दिवशी स्वारी हिरमुसलेली. ‘‘बाई, चित्र जुन्या टीव्हीपेक्षाही पुसट दिसतं!’’ टीव्ही बिघडला होता का? मुळीच नाही. पडद्यावर जागा होती वीस लाख ठिपक्यांची आणि बाहेरून येत होते चारच लाख. रुमालावरची नक्षी ताणून चादरीएवढी केली, तर ती फिकीच दिसणार ना?

म्हणजे नुसता टीव्ही एचडी असून भागत नाही. चित्र आपल्यापर्यंत एका साखळीतून येतं. तिची एक कडी जरी साधी असली, तरी पडद्यावर चित्र साधंच दिसतं. घरी या कड्या एकेक करून तपासा.

१) कार्यक्रम : तो मुळात एचडी कॅमेऱ्याने टिपलेला हवा. जुन्या काळी व्हिडिओ टेपवर चित्रित झालेली मालिका कितीही महागड्या टीव्हीवर लावली, तरी नसलेले ठिपके येणार कुठून?

२) वाहिनी : एकाच वाहिनीचे साधा आणि एचडी असे दोन क्रमांक असू शकतात. एचडीचे पैसे बहुधा जास्त पडतात. आपण कशाचे पैसे भरतो, ते बाबांना किंवा केबलवाल्या काकांना विचारा. डीडी फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही. पण तिच्यावरच्या बहुतेक वाहिन्या साध्याच आहेत.

३) सेट-टॉप बॉक्स : त्याच्यावर ‘एचडी’ लिहिलंय का पाहा. साध्या बॉक्सला एचडी वाहिनी उलगडता येत नाही.

४) वायर : बॉक्सपासून टीव्हीपर्यंत लाल, पांढऱ्या आणि पिवळ्या टोकांची वायर आहे का? ती साधंच चित्र नेते. एचडीसाठी चपट्या तोंडाची एचडीएमआय वायर लागते. त्या मुलाच्या घरी गडबड इथेच होती. बॉक्स जुना आणि वायर तीन रंगांची!

५) पडदा : खोक्यावर ‘एचडी रेडी’ असेल, तर ओळी साधारण ७२० ते ७६८. ‘फुल एचडी’ म्हणजे १०८० आणि ‘४के’ म्हणजे २१६०.

इंटरनेटवरून पाहत असाल, तर बॉक्सच्या जागी इंटरनेटचा वेग येतो. फुल एचडीला सेकंदाला साधारण ५ मेगाबिट वेग लागतो. या हिशेबाने तासाला सव्वादोन जीबी डेटा जातो. आईच्या फोनवर रोजचा दीड जीबीचा पॅक असेल, तर तो तासाच्या आतच संपेल. तेव्हा आईला विचारल्याशिवाय हा उद्योग करू नका!

आणि शेवटची कडी म्हणजे आपले डोळे. त्यासाठी एक प्रयोग करा. ग्राफ पेपरवर काळ्या पेनने एक मिलिमीटर जाडीच्या दहा रेघा काढा. दोन रेघांमध्ये एक मिलिमीटर कोरी जागा सोडा. कागद भिंतीवर लावा आणि मागे मागे जा. नजर चांगली असेल, तर साधारण साडेतीन मीटरवर रेघा मिसळून राखाडी ठिगळ दिसू लागेल. मित्राला लांबून दिसणाऱ्या रेघा तुम्हाला फार जवळच मिसळलेल्या दिसल्या, तर घरी सांगा आणि डोळे तपासून घ्या.

आता ३२ इंची टीव्ही घ्या. पडद्याची उंची साधारण ४० सेंटिमीटर आणि ओळी १०८०. म्हणजे एक ओळ ०.४ मिलिमीटरहूनही बारीक! ती तर सव्वा मीटरच्या पुढे वेगळी दिसतच नाही. म्हणून फुल एचडीसाठी अंतर धरतात ते पडद्याच्या उंचीच्या तिप्पट. ३२ इंचीला सुमारे चार फूट, ४३ इंचीला सव्वापाच फूट. तुम्ही छोट्या टीव्हीपासून आठ-दहा फूट लांब बसत असाल, तर एचडीचा फरक फारच थोडा जाणवेल. पण म्हणून टीव्हीला नाक लावून बसू नका हं!

तर मुलांनो, शेजारी मोठा टीव्ही आला म्हणून बाबांच्या मागे लगेच हट्ट धरू नका. त्या मुलाच्या घरी आधी बॉक्स आणि वायर पाहिली असती, तर निराशा टळली असती. नव्या बॉक्सचे पैसे वेगळे भरावे लागले. टीव्हीचे हप्ते तर चालूच होते.

या रविवारी एवढं करा. मीटरपट्टी घ्या, पडद्याची उंची मोजा, तिची तिप्पट करा आणि तुमच्या बसायच्या जागेपासूनचं अंतर मोजा. मग पाचही कड्या वहीत लिहून ‘एचडी’ की ‘साधी’ अशी खूण करा. वही आई-बाबांना दाखवा. टीव्ही घ्यायचा की नुसती वायर, हे ठरवायला त्यांना तुमची मदत होईल.

तुमच्या बाई